डॉक्टर ओदिल रजेवर आहेत

लामेक, ९ फेब्रुवारी

ओदिल, पोरी,

अखेर माझ्या खुब्याचा नंबर लागला. अठरा मार्चला सकाळी ऑपरेशन, आणि तेही तुझ्याच हॉस्पिटलात. शेजारच्या अल्बेनीनं तो कागद मला दोनदा ओरडून वाचून दाखवला. शेवटी म्हटलं, "बाई, मी बहिरा आहे, आंधळा नाही."

फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तुझं बोलणं मला डब्यात कोंडलेल्या माशीसारखं ऐकू येतं. हेरिंग मासळीचे डबे बंद करणाऱ्या त्या यंत्राशेजारी जन्म काढला, कान तिथंच राहिले. आणि त्या मोबाइलच्या पाटीवर माझी बोटं एका वेळी तीन अक्षरं दाबतात. त्यापेक्षा कागद बरा.

आता एकच मागणं. मला भूल तूच दे. रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांना सांगून बसलोय, की लिओन्स ड्युगेला त्याची स्वतःची मुलगी झोपवणार आहे. लहानपणी मी तुला झोपवायचो, आता तू मला. पाद्रीबुवासुद्धा हसले.

अल्बेनी गाडीनं आणेल. रस्ताभर बोलत राहील, पण मला काय त्याचं!

तुझा,
बाबा

*

२० फेब्रुवारी

बाबा,

तारीख वाचून फार बरं वाटलं. पण घरच्या माणसाला भूल द्यायची नाही असा आमच्यात नियम आहे, आणि तो योग्यच आहे. हात थरथरला तर काय घ्या! तुम्हाला फिलिप आर्सेनो झोपवेल. माझ्यापेक्षा हळुवार आहे, आणि तुमच्यासारखेच पांचट विनोद करतो. पाद्रीबुवांना सांगा, मुलगी देखरेखीला होती.

इकडे धावपळ आहे. आम्ही आठ भूलतज्ज्ञ होतो, आता पाच उरलोय. एक जण देशाच्या पश्चिमेकडे नोकरीला गेला, एकीनं काम सोडलं, एकाचं काय झालं ते कुणी बोलत नाही. आम्ही थकलोय हे वरच्यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी पिझ्झा मागवला आणि श्वास कसा घ्यावा यावर एक व्याख्यान ठेवलं. भूलतज्ज्ञांना श्वासावर व्याख्यान! पिझ्झा आला तेव्हा आम्ही पाचही जण ऑपरेशन थिएटरात होतो. तो कुणी खाल्ला देव जाणे.

एक गंमत सांगते. परवा बाजारात पैसे द्यायला रांगेत उभी होते. पुढच्या माणसाची मान आखूड, हनुवटी मागं गेलेली. माझ्या मनात आलं, याच्या घशात नळी घालणं अवघड जाणार. मग लक्षात आलं, हल्ली मी सगळ्यांकडे असंच बघते. चेहरा दिसतच नाही, जबडा दिसतो.

आदल्या मध्यरात्रीनंतर काही खायचं नाही. तुम्हाला आत नेण्याआधी मी भेटायला येईनच. आणि हो, मध्यरात्रीनंतर काही खायचं नाही.

ओदिल

*

लामेक, ६ मार्च

ओदिल,

खायचं नाही हे तू दोनदा लिहिलंयस. मी तेवढा खादाड आहे, कबूल. पण अक्षरही गिचमिड आलंय, ओळी उतरणीला लागल्यात. अल्बेनी म्हणाली, "पोरगी बापाच्या काळजीनं अर्धी झाली." अगं, मी काही मरत नाही. माझ्यासारखं जुनं लाकूड सहजासहजी मोडत नसतं. तू घाबरू नकोस.

ते जबड्याचं वाचून मी खूप हसलो. कारखान्यात आम्हीही माणसाचे हात बघून सांगायचो, हा सुरी धरणारा की पेट्या उचलणारा. कामाची सवय आहे ती, दुसरं काय!

खाडीतला बर्फ अजून जाडच आहे. मी स्वयंपाकघरातून खोलीपर्यंत जायला काठी घेतो आणि खोलीतून स्वयंपाकघरात यायला शिव्या. दोन्हींनी काम भागतं.

अठरा तारखेला भेट. येशील ना भेटायला?

बाबा

*

लामेक, २१ मार्च

ओदिल,

मी घरी आहे. जुन्याच खुब्यासकट.

तुला कुणी सांगितलं की नाही कोण जाणे, म्हणून सगळं लिहितो. मला तो मागून उघडा असलेला झगा घातला, डोक्यावर निळी टोपी, हाताला सुई. कानातली यंत्रं नर्सनं काढून डबीत ठेवली, म्हणजे मी पुरता भिंतीसारखा झालो. शेजारच्या खाटेवर सावोई नावाच्या बाई होत्या, आमच्या पलीकडच्या गावच्या. यंत्रं काढायच्या आधी आमच्या गप्पा झाल्या. आतड्यात गाठ आहे त्यांच्या. दोन दिवस पोट साफ करायचं ते कडू पाणी पिऊन बसल्या होत्या बिचाऱ्या. पहिला नंबर त्यांचा, दुसरा माझा.

मग मध्ये पडदा ओढला. कुणीतरी त्यांच्याकडे आलं. मला पडद्याखालून फक्त बूट दिसत होते, हिरवे, रबरी. म्हटलं, आली भुलीची मंडळी. नर्सला मी तुझ्याबद्दल सांगत होतो. ऐकू येत नसलं की माझा आवाज चढतो, ठाऊक आहे तुला. ते बूट थांबले. बराच वेळ थांबले. मग वळले आणि माझ्या पडद्यासमोरून निघून गेले.

त्यानंतर कुणी आलंच नाही. शेवटी नर्सनं हात पुसायच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं: भूल द्यायला डॉक्टर नाहीत. आज रद्द.

सावोईबाई रडल्या नाहीत. छताकडे बघत पडून राहिल्या. ते मला जास्त लागलं.

कोण होता गं तो डॉक्टर? आजारी माणसाच्या खाटेशी येतो, आणि पाठ फिरवून चालू पडतो! कसली माणसं घेता तुम्ही हल्ली? मला भेटला असता ना, तर या काठीनंच समाचार घेतला असता. तू तिथली आहेस, तू तरी त्याला चार शब्द सुनाव.

आणि तू आली नाहीस. अल्बेनी म्हणाली, कुठल्यातरी धावपळीत अडकली असेल. असेल.

बाबा

*

३० मार्च

बाबा,

तुम्हाला परत जावं लागलं याचं मला फार वाईट वाटतंय. नवी तारीख लवकर मिळावी म्हणून मी विनंती केली आहे.

त्या डॉक्टरबद्दल मला काही बोलता येणार नाही. माणसं कमी आहेत. असं होतं.

कानातल्या यंत्रांचे सेल पाठवते आहे. दुखत असेल तर गोळी जेवणानंतर घ्या, रिकाम्या पोटी नको.

ओदिल

*

लामेक, ७ एप्रिल

ओदिल,

सेल मिळाले. पत्रही मिळालं, त्याला पत्र म्हणायचं असेल तर. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी याहून लांब असते.

मग मी अल्बेनीला हॉस्पिटलात फोन करायला लावला. तिकडून तिला सांगितलं, "डॉक्टर ओदिल रजेवर आहेत." कधीपासून, विचारलं तर म्हणे अठरा मार्चपासून. म्हणजे त्या दिवसापासून! तुझ्या घरचा फोन तू उचलत नाहीस. असं काय झालंय?

मी तीन रात्री विचार केला आणि मला एकच सुचलं, ते लिहून टाकतो. तू मला टाळलंस. मी मोठ्यानं बोलतो, माझ्या कोटाला अजून मासळीचा वास येतो, तुझ्या बरोबरीच्यांसमोर मी झगा घालून बसून माझी मुलगी, माझी मुलगी करत होतो. लाज वाटली असेल. वाटू शकते, त्यात काही पाप नाही. तुझी आई असती तर तिनं मला आधीच गप्प केलं असतं. पण तसं असेल तर तसं सांग. मी एकटा येईन, एकटा जाईन, तुझं नाव काढणार नाही.

फक्त खोटं नको.

बाबा

*

१५ एप्रिल

बाबा,

लाज नाही हो. तुमची लाज मला कधीच वाटली नाही. तुम्ही असं लिहिलंत म्हणून आता सगळं सांगते, नाहीतर मी अजून लपवलं असतं.

ते हिरवे बूट माझे होते.

त्या दिवशी फिलिप तापानं घरी होता. मी रात्रभर कामावर होते, सकाळी सुटायचं होतं. आमच्या प्रमुख विचारायला आल्या, "ओदिल, आजच्या ऑपरेशनांची एवढी यादी काढशील? दुसरं कुणीच नाही. तुझ्या वडिलांच्या वेळी मी स्वतः येते." त्यांचेही डोळे लाल होते. मी हो म्हटलं. मी नेहमीच हो म्हणते.

सावोईबाई घाबरल्या होत्या. अशा माणसाला आत नेण्याआधी भीती कमी व्हायला थोडं औषध देतो. ते भरून मी सिरिंजवर चिठ्ठी चिकटवली, त्यांचा हात धरून त्यातल्या नळीला सिरिंज लावली. त्या मला विचारत होत्या, "मला स्वप्नं पडतील का?" मी हसून नाही म्हणाले. आणि तेवढ्यात ट्रेमधल्या रिकाम्या कुपीवर नजर गेली. ती त्या औषधाची नव्हती. ती अंग लुळं पाडणाऱ्या औषधाची होती. ते आम्ही माणूस गाढ झोपल्यावरच देतो, कारण त्यानं श्वास थांबतो. बाबा, त्या जाग्या होत्या. सगळं कळत राहिलं असतं, आणि त्यांना बोटसुद्धा हलवता आलं नसतं.

माझा अंगठा सिरिंजवर होता.

पडद्यापलीकडून तुमचा आवाज येत होता. "माझी मुलगी इथं डॉक्टर आहे. तिच्या हाताखाली एकही माणूस दगावलं नाही." ते खरं नाही, बाबा. दगावलीत. जानेवारीत लाकडाच्या गिरणीतला एक मुलगा आणला होता. रक्त थांबेना, टेबलावरच गेला. त्याला बाहेर नेलं, फरशी पुसली, पुढचा रुग्ण आत आला. मग मी सँडविच खाल्लं. दुपारी त्याची आई भेटायला आली, तेव्हा मला त्याचा चेहराच आठवेना. जबडा आठवत होता. मला रडूही आलं नाही. त्या दिवशी मी घाबरायला हवं होतं, पण तेही झालं नाही.

आधी मी अशी नव्हते. साथीच्या दिवसांत नळी घालण्याआधी प्रत्येकाचा हात धरायचे. घरच्यांना आत सोडत नव्हते, कित्येकांनी शेवटचा आवाज ऐकला तो माझा. तेव्हा घरी येऊन रडायचे. मग रडणं बंद झालं. मला वाटलं, सरावले.

मी सिरिंज काढून घेतली, नर्सच्या हातात दिली आणि म्हटलं, "हे औषध चुकीचं आहे. मी आज कुणालाही झोपवू शकत नाही." आणि निघाले. तुमच्या पडद्यासमोरून गेले. तो बाजूला सारून आत यायला एक पाऊल पुरे होतं. मला ते टाकता आलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघून हसला असतात, तेच मला नको होतं. खाली जाऊन गाडीत बसले आणि गाडी कशी सुरू करतात ते मला आठवेना.

चूक मी प्रमुखांना सांगितली, लिहूनही दिली. सावोईबाईंना हॉस्पिटल कळवणार होतं. मी स्वतः गेले नाही.

आणखी एक सांगायला हवं, तुम्ही खोटं नको म्हणालात म्हणून. हिवाळ्यात मनात यायचं, रोज इतक्यांना मी झोपवते, मलाही कुणी झोपवावं, आणि उठवू नये. मरायचं असं नव्हतं. फक्त उठायचं नव्हतं. हे मी आता डॉक्टरांना सांगितलंय, त्यांच्याकडे जाते आहे, औषध घेते आहे. घाबरू नका. पण तुम्हाला ठाऊक असावं.

मी निघाल्यावर प्रमुखांना त्यांची यादी सोडून येता आलं नाही; तुमचं ऑपरेशन मी बुडवलं. काठी घेऊन आलात तरी मी दार उघडेन.

ओदिल

*

लामेक, १९ एप्रिल

पत्र मिळालं. माझ्या मनात राग आहे, आणि भीती त्याहून जास्त आहे. दोन्ही मिळून मला आज नीट लिहिता येत नाही.

अल्बेनी रोज संध्याकाळी तुला फोन करेल. उचल. बोलली नाहीस तरी चालेल, उचल तेवढा.

बाबा

*

लामेक, २ जून

ओदिल,

तू फोन उचलतेस हे अल्बेनी मला रोज अंगठा वर करून सांगते. तू मटारचं सूप करायला लागलीस हेही तिनं सांगितलं, आणि ते करपलं हेही.

मध्ये मी दोन पत्रं लिहिली आणि चुलीत घातली. त्यात बरीच बडबड होती. आम्ही कारखान्यात सोळा-सोळा तास उभे राहिलो, आम्हाला कुठं कुणी रजा दिली, असलं काहीतरी. ती वाचून अल्बेनी माझ्यावर खेकसली. "तुमची पोर पार गळाठली आणि तुम्हाला अजून तुमच्या खुब्याचंच पडलंय! डब्याचं झाकण वाकडं बसलं तर डबा फेकता येतो, लिओन्स. तिच्या हातात डबे नसतात." ती दोन दिवस माझ्याकडे फिरकली नाही. मग मला कॉफीसुद्धा एकट्यानं प्यावी लागली.

तर आता खरं सांगतो. सिरिंज ठेवून दिलीस ते बरोबरच केलंस, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. गिरणीतल्या पोराबद्दलही नाही. माझ्या मनाला लागलंय ते दुसरं. तू माझा आवाज ऐकलास आणि पुढं गेलीस. तुझं जग बुडत होतं आणि तुला सगळ्यांत जास्त भीती वाटली ती मी हसेन याची. मी तुझ्याबद्दल इतकी वर्षं इतका डांगोरा पिटला, की तुला माझ्यासमोर पडायला जागाच उरली नाही. हे मी अजून चघळतोय. उतरत नाही खाली.

सावोईबाईंकडे गेलो होतो. तू सांगितलं नव्हतंस, मीच गेलो. त्यांचं ऑपरेशन नंतर दुसऱ्या आठवड्यात झालं. गाठ काढलीय. औषधं चालू आहेत, केस गेलेत, बारीक झाल्यात. पुढं काय ते डॉक्टरही सांगत नाहीत. मी बाप आहे म्हटल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "ते कडू पाणी पुन्हा प्यावं लागलं मला, त्याचा राग होता. त्या चुकीबद्दल नंतर कळलं. हॉस्पिटलातून एक बाई फाइल घेऊन आल्या होत्या. छान बोलल्या, पण त्या दिवशी माझा हात त्यांनी धरला नव्हता. जिनं धरला होता, ती यायला हवी होती."

मी काही तुझी बाजू मांडली नाही. त्यांनी सांगितलं तसं लिहिलंय.

उन्हाळ्यात इकडे ये. तुझ्या खोलीत मी बटाट्याची पोती ठेवलीत, ती हलवायला तूच लागशील. बोलावंसं वाटलं तर बोल. नाहीतरी मला ऐकू येत नाही.

बाबा

*

३ सप्टेंबर

बाबा,

पोहोचले. अल्बेनीमावशीनं दिलेला फ्रिको गाडीत सांडला, आता गाडीला आठवडाभर कोंबडीच्या रश्श्याचा वास येईल. येऊ दे.

तिथं असताना तुम्हाला एक सांगितलं नाही. बोलायचं म्हणजे तुमच्या कानाशी ओरडावं लागलं असतं, आणि ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. आपल्या लोकांच्या सणाला, पंधरा ऑगस्टला, तुम्ही सगळे ताटल्या-पातेली बडवत गावभर फिरत होतात, तुम्ही भोंगा वाजवत ट्रकवर बसला होतात, तेव्हा मी सटकले ती सावोईबाईंकडे गेले.

त्यांनी मला आत बोलावलं नाही. पायरीवर बसवलं. मी सांगायला लागले तर म्हणाल्या, "कुपीचं नको, ते कळलंय. तेव्हा तुम्हाला काय वाटलं ते सांगा." मी म्हटलं, "काहीच वाटलं नाही, तेच भयंकर होतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "मला तर फार भीती वाटली होती. आणि तुम्ही हसून नाही म्हणालात, तर ती गेली होती. म्हणजे तुम्ही मनानं तिथं नव्हतातच, आणि मी तुमच्यावर विश्वास टाकला." उठताना म्हणाल्या, "पुन्हा कुणाला झोपवणार असाल, तर आधी स्वतः झोपून या."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही मागितलं नाही.

प्रमुखांशी बोलणं झालं. मी सांगितलं, आधी आठवड्यात दोन दिवस, दिवसपाळीच, आणि बरोबर दुसरं कुणीतरी. त्या म्हणाल्या, "ओदिल, तसं मला कुणालाच देता येत नाही. दिलं तर उरलेले कोसळतात." खोटं नाही ते. फिलिप गेल्या महिन्यात सोडून गेला. मी म्हटलं, "मग मी येत नाही." आयुष्यात पहिल्यांदाच नाही म्हटलं. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. नोव्हेंबरपासून बघू म्हणाल्या. बघू, एवढंच.

तुमची तारीख आली का?

ओदिल

*

२४ ऑक्टोबर, प्रतीक्षाकक्ष

बाबा,

हा कागद मी तुमच्या डोळ्यांसमोर धरेन. तुम्ही शुद्धीवर याल तेव्हा यंत्रं डबीत असतील आणि माझं ओरडणं ऐकून बाकीचे रुग्ण दचकतील.

ऑपरेशन चालू आहे. नवीन आलेल्या एका तरुण बाईंनी तुम्हाला झोपवलं. त्यांना तुम्ही काय सांगितलंत ते दारापर्यंत ऐकू आलं. "माझी मुलगीपण हेच करते. सध्या दमलीय, विसावा घेतेय." एवढंच. पुढं डांगोरा नाही.

मी या खुर्च्यांवर पहिल्यांदाच बसले आहे. इतकी वर्षं त्या दाराच्या आतच होते. इथून ते दार फार जाड दिसतं. प्रत्येक वेळी उघडलं की काळजात धस्स होतं. आत्ता एक परिचारक नुसता झाडू घेऊन आला, तरी माझे तळहात भिजले. शेजारची बाई म्हणाली, "नवरा आहे का आत?" म्हटलं, "वडील." तिनं माझा हात धरला. आणि बाबा, मी रडायला लागले. सगळ्यांसमोर, चांगली हुंदके देऊन. दोन वर्षांनी. मला भीती वाटतेय. तुमच्या श्वासाची, रक्तदाबाची, आतल्या त्या मुलीच्या रात्रीच्या झोपेची. इतकी भीती घेऊन मला पुन्हा आत उभं राहता येईल की नाही, खरंच ठाऊक नाही. भीतीच वाटली नाही, तर मी उभं राहू नये, एवढं कळलंय. नोव्हेंबर आला की बघू.

दार उघडलं. सर्जन माझ्याकडेच येताहेत.

सगळं नीट झालं, बाबा. नवा खुबा बसला.

घसा दुखेल, नळीमुळे. पाणी लगेच मागू नका. पाय हलवू नका. मी उजव्या बाजूला आहे. मान वळवायची गरज नाही, मीच पुढं येते.

ओदिल